जांभळ्या पाइपाची तार

फिदेन्सिओ इबारा अठ्ठावन्न वर्षांचा झाला तरी एक गोष्ट त्याने कुणाला म्हणून सांगितली नव्हती. त्याला रंग नीट दिसत नसत. पिवळा दिसे, निळा दिसे, पण तांबडा आणि हिरवा हे दोन्ही त्याच्या डोळ्यांत एकाच मातकट रंगात कालवले जात, आणि लोक ज्याला जांभळा म्हणतात तो त्याला सरळ निळाच वाटे. बायकोला, ओफेलियाला, हे त्याने कधी सांगितलं नाही. लग्नात तो एका पायात तांबडा आणि दुसऱ्या पायात हिरवा मोजा घालून उभा राहिला, तेव्हा तिचं तिलाच कळलं. तिने विषय काढला नाही, फक्त त्या दिवसापासून मोज्यांच्या जोड्या बांधून ठेवायला लागली. फिदेन्सिओला वाटे, आपली बायको फारच टापटिपीची आहे.

सॅन इसिद्रो गावाच्या सरकारी गोल्फ मैदानावर त्याला नोकरी लागली, तीही अशीच लागली. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरने ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांमध्ये म्हणे एक आकडा असतो. पहिलं पान सोडलं तर फिदेन्सिओला कुठल्याच पानावर तो आकडा दिसत नव्हता, पण रांगेत त्याच्या पुढचा गडी चांगला खणखणीत आवाजाचा होता. बारा, आठ, सहा, एकोणतीस. हे त्याने शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ केलं आणि आपली पाळी आल्यावर म्हणून दाखवलं. डॉक्टरने मान वर न करता शिक्का मारला. मैदानाच्या पाण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली, आणि त्याला अठरा वर्षं होऊन गेली.

या मैदानाचं नाव मेस्किट फ्लॅट. वर डोंगराच्या उतारावर ती दुसरी मैदानं आहेत, फाटकावर पहारेकरी असलेली. तिकडे आमच्यातलं कुणी जात नाही, गेलंच तर गवत कापायला. मेस्किट फ्लॅटवर मात्र सिनेमाच्या तिकिटाएवढ्या पैशांत नऊ होल खेळता येतात. तिथे निवृत्त बसचालक येतात, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बाया येतात, पोस्टातले येतात. कुणाच्या पिशवीत चार काठ्या असतात, कुणाच्या दोनच. अर्धी चड्डी फाटकी असली तरी चालते. चेंडू निवडुंगात गेला तर कुणी काढायला जात नाही, कारण काटे काढायला दवाखान्याचा खर्च चेंडूपेक्षा जास्त.

वाळवंटात एवढं गवत जगवायचं म्हणजे पाणी हवं, आणि पिण्याचं पाणी गवताला घालायला गाव काही वेडं नाही. गावाचं सांडपाणी गाळून, औषध मारून पुन्हा पाइपातून मैदानावर येतं. ते गवताला चालतं, माणसाला नाही. चुकून कुणी पिऊ नये म्हणून त्याचे पाइप जांभळे असतात, आणि पिण्याच्या पाण्याचे निळे. आमच्याकडे त्या पाण्याला जांभळं पाणीच म्हणतात. फिदेन्सिओला पहिला महिनाभर वाटलं, जांभळं हे त्या पाण्याचं नुसतं नाव असेल.

नाव नव्हे, रंग आहे, हे कळलं तेव्हा त्याची झोप उडाली. पण मग त्याच्या लक्षात आलं की काळजीचं कारण नाही. जांभळ्या पाइपाच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना बारीक तारेचे दोन वेढे घातलेले असत, नीट पीळ देऊन, टोक आत वळवून. निळ्या पाइपाला तार नसे. वखारीतल्या नव्या भाऱ्यांनाही तार, जमिनीतल्या जुन्या पाइपांनाही तार. कंपनीने कुणाची गल्लत होऊ नये म्हणून हुशारीने केलेली ही सोय असणार, असं त्याने ठरवलं आणि मनातल्या मनात कंपनीचे आभार मानले. पाइपावर अक्षरंही छापलेली असत, पण आमच्या खारट मातीत ती वर्षाच्या आत पुसून जातात. तार राहते.

आणि बाकी कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गवत तहानलं की ते पिवळं पडायच्या आधी दोन दिवस फिदेन्सिओला कळे. तो रंग बघतच नसे. गवतावरून चालून गेला की मागे वळून पाही. पावलाखाली दबलेलं गवत लगेच उठलं तर ठीक, आडवंच पडून राहिलं तर त्याला पाणी हवं. मैदानाच्या प्रमुख गेल स्टॅन्टनबाई पाहुण्यांना सांगत, "याच्यासारखी नजर माझ्या सगळ्या माणसांत कुणाची नाही." फिदेन्सिओ हे ऐकून खाली बघे. कौतुक ऐकून लाजतोय असं बाईंना वाटे.

त्या जूनमध्ये, एका गुरुवारी, सातव्या होलजवळची पाणपोई बंद पडली. मेस्किटच्या झाडाचं मूळ खालून वाढलं आणि त्याने शेजारचे दोन्ही पाइप मोडून टाकले. फिदेन्सिओबरोबर काम करणारा मुलीच्या शाळेच्या समारंभाला गेला होता. पारा एकशे दहा फॅरनहाइटच्या वर. गेलबाईंनी सकाळीच दोन्ही पाणी बंद केलं, फिदेन्सिओने एकट्याने खड्डा खणला, मूळ तोडलं, आणि आत बघितलं.

तार नव्हती. एकाही पाइपाला नव्हती.

त्याने माती चाचपली. कदाचित गंजून गळली असेल. नाही. खड्ड्याच्या एका बाजूला दोन पाइप वर-खाली होते, दुसऱ्या बाजूला मुळाने ढकलून शेजारी-शेजारी आणून ठेवलेले. चारही टोकं निळी. ही पाणपोई गेल्या हिवाळ्यात बाहेरच्या ठेकेदाराने बसवली होती, हे त्याला आठवलं. ठेकेदाराने दुसऱ्या कंपनीचे पाइप आणले असतील. पण मग त्या कंपनीला तार घालायची अक्कल नाही का?

खड्ड्याच्या काठावर तोवर चौघं जण जमले होते.

"काय रे, आत खजिना सापडला काय?" एकजण म्हणाला. "निम्मा आम्हाला. मैदान गावाचं आहे."

"आधी पाणी दे, मग खजिना," दुसरा म्हणाला. "जीभ टाळूला चिकटली."

वर्नेल प्रूइट त्यांच्यात होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, जन्मभर शाळेची बस चालवलेली. हिवाळाभर कॅन्सरचं औषध घेऊन नुकती उठली होती. टोपीखाली केस अजून बोटभरच आले होते. ती मेस्किटच्या सावलीत टेकून रिकामी बाटली हातात धरून बसली. तिच्याकडे बघून फिदेन्सिओची घाई आणखी वाढली.

सगळ्या मैदानावर जांभळा पाइप खाली असतो, त्याने मनाशी म्हटलं. इकडे खालचा तो जांभळा. तिकडे मात्र खालचा-वरचा काही नव्हताच. मग खड्ड्याच्या भिंतीकडचा तो खालचा असणार, मुळाने तो बाजूला सारला असणार. असणार. त्याने करवतीने टोकं सारखी केली, सोल्युशन लावलं, तुकडे बसवले, आणि मनात एक खडा टोचत असतानाच गेलबाईंना फोन करून पाणी सोडायला सांगितलं. पाणपोईतून धार आली.

वर्नेलने पहिली बाटली भरली. उभ्याउभ्याच अर्धी प्यायली.

"देवमाणूस आहेस तू," ती म्हणाली.

दुपारी तीनला तो हत्यारं ठेवायला वखारीत गेला. कोपऱ्यात नवा भारा आला होता. त्यावर अक्षरं ताजी होती, ठळक: पिण्यास अयोग्य. म्हणजे हा जांभळा. आणि त्याच्या एकाही टोकाला तार नव्हती. फिदेन्सिओने भारा सोडून वीसही पाइप उलटेसुलटे करून पाहिले. कंपनी तीच होती, नाव तेच, आणि तार नाही. ठेकेदाराचं ठीक, पण आपली कंपनी असं कसं करेल?

तो सातव्या होलवर गेला आणि पाणपोईतून ओंजळभर प्यायला. चव जरा बुळबुळीत वाटली. मग गवतावरच्या फवाऱ्याच्या तोंडाशी जाऊन तिथलं थेंबभर जिभेवर घेतलं. तेही बुळबुळीत. घरचं नळाचं पाणी आठवून बघितलं, तर तेही काही वेगळं लागत नाही. आमच्या गावाचं पाणीच मुळात असं आहे. त्याला वाटलं, आता जिभेनेही साथ सोडली.

खात्री करायची एकच रीत होती. जांभळ्या पाण्याचा मोठा व्हॉल्व्ह पुन्हा बंद करायचा आणि पाणपोई चालते का बघायचं. थांबली तर चूक, चालली तर बरोबर. पण त्या व्हॉल्व्हच्या खोलीची किल्ली गेलबाईंकडे असे, आणि जूनच्या उन्हात गवताचं पाणी बंद करायचं तर त्या पहिला प्रश्न विचारणार, का? त्याचं उत्तर दिलं की ठिपक्यांच्या पुस्तकापासूनचं सगळं बाहेर येणार. रंग न दिसणारा माणूस पाण्याच्या कामावर कोण ठेवेल?

त्याने पाणपोईचा छोटा नळ बंद केला, वर कचऱ्याची काळी पिशवी बांधली, पुठ्ठ्यावर 'बंद' लिहून अडकवलं.

मग जे सुरू झालं ते बघणाऱ्याला हसू येण्यासारखं होतं. शुक्रवार, शनिवार आणि रविवारची सकाळ फिदेन्सिओ दर तासाला बर्फाच्या पाण्याच्या दोन मोठ्या बरण्या गाडीवर घालून सातव्या होलवर नेई. इतर कामं तशीच पडली.

"वॉशर मिळत नाहीये," त्याने गेलबाईंना सांगितलं.

"तीन दिवस? वॉशर?"

"खास आहे तो."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि आपल्या कामाला लागल्या. मैदानावरचे मात्र त्याला सोडेनात. "इबारा, लिंबू पिळायचं राहिलं," असं एकजण रोज म्हणे.

फिदेन्सिओचं लक्ष फाटकाकडे. वर्नेल गुरुवारी आणि शनिवारी खेळायला येई. शनिवारी सकाळी तिच्या नावाची वेळ तिकिटाच्या खिडकीवर लिहिलेली होती, आणि ती आली नाही. तिच्याबरोबर खेळणाऱ्या दोघींना ठाऊक नव्हतं. तिच्या अंगात आता ताकद नाही, साध्या सर्दीनेही ती आडवी होईल, हे सगळ्या मैदानाला माहीत होतं. आणि अर्धी बाटली ती त्याच्यासमोर प्यायली होती. आपण चुकलो की नाही हेच कळत नव्हतं, तर चुकीबद्दल काय करायचं हे कसं कळणार? रात्री त्याला चारही टोकं दिसत, आणि स्वप्नातसुद्धा ती निळीच असत.

रविवारी दुपारी तो चोनकडे गेला. एन्कार्नासिओन लुसेरो हे त्याचं पूर्ण नाव, पण सगळे चोन म्हणत. अठरा वर्षांपूर्वी त्यानेच फिदेन्सिओला पाइप जोडायला शिकवलं. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी निवृत्त झाला. फिदेन्सिओ त्याला उस्ताद म्हणे. अंगणातल्या मांडवाखाली चोन कलिंगडाच्या फोडींवर लिंबू आणि तिखट घालून बसला होता.

"ये. खा," चोन म्हणाला. "तोंड का असं झालंय? ओफेलियाने हाकललं?"

"उस्ताद, एक विचारायचं होतं." फिदेन्सिओने फोड हातात घेतली, खाल्ली नाही. "आपल्याला ते पाइप कुठून यायचे? म्हणजे आधी. तुमच्या वेळी."

"तिथूनच. फिनिक्सवरून. का?"

"हल्ली त्यांनी तार घालणं बंद केलंय."

चोनने कलिंगड खाली ठेवलं. "काय बंद केलंय?"

"तार. टोकांना दोन वेढे असायचे ना, जांभळ्याला. आता येतच नाहीत. मी म्हटलं, त्यांना पत्र पाठवावं. चांगली सोय होती. का बंद केली असेल?"

चोनने हात पँटला पुसले. मग उठून घरात गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात बारीक तारेचं भेंडोळं आणि एक जुनी पक्कड होती. ती त्याने कलिंगडाच्या ताटाशेजारी ठेवली.

"कंपनी ही बसलीय तुझ्यासमोर," तो म्हणाला.

फिदेन्सिओला कळलं नाही. त्याने तारेकडे पाहिलं, चोनकडे पाहिलं.

"तुझ्या पहिल्या आठवड्यात तू मला जांभळ्याऐवजी निळा तुकडा आणून दिलास. मी म्हटलं, नवा आहे. दुसऱ्या दिवशी परत. मग मी तुला म्हटलं, तो हिरवा डबा आण, आणि तू तांबडा घेऊन आलास, एवढ्या खात्रीने आलास की मला हसावं की रडावं कळेना." चोनने पक्कड उचलून परत खाली ठेवली. "दोन लहान मुलं होती तुला. मग मी तार घालायला लागलो. भारा आला की संध्याकाळी थांबायचो. जमिनीतले पाइप, खड्डा उघडला की आधी मी उतरायचो, आठवतं?"

"तुम्ही म्हणायचात, खड्ड्यात साप असतो."

"साप कुठला."

फिदेन्सिओच्या डोळ्यांसमोरून एकेक खड्डा जायला लागला. अठरा वर्षं त्याला वाटत होतं की आपण सगळ्यांना चकवलं. त्याला लाज वाटली आणि रागही आला. यातलं नेमकं काय वाटतंय ते त्याला ठरवता येईना.

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुझी गोष्ट होती ती. तू सांगशील म्हणून वाट बघितली," चोन म्हणाला. "निघायच्या दिवशी तोंडाशी आलं होतं माझ्या. पण तुम्ही सगळ्यांनी केक कापला, भाषणं केली, आणि मी म्हाताऱ्यासारखा रडत बसलो. राहून गेलं. चूक झाली माझी ती." मग त्याने मान वर केली. "पण तू आज का विचारतोयस? कुठे जोडलास पाइप?"

फिदेन्सिओने सातव्या होलचं सांगितलं. वर्नेलचं नाव आल्यावर चोन उभा राहिला.

"गेलला सांगितलंस?"

"आधी खात्री—"

"खात्री किल्लीने होते, आणि किल्ली तिच्याकडे आहे. कलिंगड खात काय बसलास?"

फिदेन्सिओने फोड अजून खाल्लीच नव्हती, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. चोनने तारेचं भेंडोळं आणि पक्कड त्याच्या खिशात कोंबली.

गेलबाई कचेरीत होत्या. फिदेन्सिओने दारात उभं राहूनच सगळं सांगितलं, ठिपक्यांच्या पुस्तकापासून. मध्ये थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"आणि ते गवत? तहानलेलं कसं ओळखतोस मग?"

"पावलांवरून."

त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली.

व्हॉल्व्हचं चाक दोघांनी मिळून फिरवलं. मग सातव्या होलवर जाऊन फिदेन्सिओने काळी पिशवी सोडली आणि नळ उघडला. धार आली, चांगली जाड. तो धारेकडे टक लावून बघत राहिला. अर्धं मिनिट तशीच. मग ती बारीक झाली, वाकली, थेंबथेंब पडली आणि थांबली.

"कोण कोण प्यायलं?" गेलबाईंनी फोन काढत विचारलं.

त्याने नऊ नावं सांगितली. गुरुवारी अकरा ते चार तिथून गेलेला प्रत्येक माणूस, कोण किती प्यायलं, कुणी फक्त तोंड धुतलं. तीन दिवस तो हेच मोजत होता. बाईंनी पाणी खात्याला कळवलं आणि आठ जणांना स्वतः फोन केले. नववा फिदेन्सिओने मागून घेतला.

वर्नेल बहिणीकडे गेली होती, म्हणून शनिवारी आली नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे जाईन. पण तुला शंका कधी आली?"

"गुरुवारी. तीन वाजता."

"आज रविवार आहे."

"हो."

"तुला रंग दिसत नाहीत त्याचं मला काही नाही. माझ्या बसमध्ये असली मुलं वर्षाला दोन तरी असायची. पण चार दिवस, इबारा. माझ्यासारखीला चार दिवस म्हणजे काय असतं, तुला ठाऊक आहे?"

त्याने नाही म्हटलं. तिने फोन ठेवला.

सोमवारी खड्डा परत उघडला. पुढच्या महिन्यात गावाच्या कचेरीत त्याची चौकशी ठेवली होती, आणि तोवर त्याने पाइपाला एकट्याने हात लावायचा नव्हता. म्हणून गेलबाई स्वतः गुडघ्यापर्यंत मातीत उतरल्या. फिदेन्सिओने पहिलं टोक हातात धरलं. अठ्ठावन्न वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते त्याने विचारलं.

"हा कुठला?"

"जांभळा," बाई म्हणाल्या.

त्याने खिशातून तार काढली आणि दोन वेढे घातले. पीळ दिला, टोक आत वळवलं.

गुरुवारी वर्नेल आली. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नव्हतं, हे तिने खिडकीवर सांगितलं होतं, त्याला नव्हे. सातव्या होलवर ती पाणपोईपुढे उभी राहिली. फिदेन्सिओ मेस्किटखाली कोरडं गवत बघत होता. तिने बाटली उघडली, पण भरली नाही.

"इकडे ये," ती म्हणाली. "याला तार आहे का?"

"नाही. हे पिण्याचं. पाणी खात्याने तपासून दिलंय."

"नीट बघ."

तो गुडघ्यांवर बसला आणि जमिनीतून वर आलेल्या पाइपावरून त्याने बोटं फिरवली, चारही बाजूंनी, खाली मातीपर्यंत. गुळगुळीत होता.

"नाही," तो म्हणाला.

"मग आधी तू पी."

तो वाकला आणि प्यायला. ती बघत होती म्हणून पोट भरेपर्यंत प्यायला. मग बाजूला झाला, आणि वर्नेलने आपली बाटली धारेखाली धरली.